लिंबाखालचा पाऊस

दादा,

तू गेलास त्या सकाळी साडेआठला गयावहिनीने रडणं थांबवलं, पदराने तोंड पुसलं आणि मला म्हणाली, "सुमनताई, बाटली बगायची राहिली." घरात माणसं दाटली होती. कापसाच्या जिनिंगमधले तुझे सोबती ओसरीवर बसले होते, तुझा मिलिंद बाहेर लाकडांचं बघत होता. मी उठले. अंगणात जाऊन पर्जन्यमापकाचं नरसाळं उचललं, आतली बाटली काढली, मोजपात्रात ओतली, आकडा वाचला आणि तुझ्या नोंदवहीत लिहिला. चौदा वर्षांत पावसाळ्याचा एकही दिवस तू रिकामा सोडला नव्हतास. हा एक रिकामा ठेवला तर तू रागावून उठून बसशील असं मला क्षणभर वाटलं, आणि म्हणून मोजूच नये असंही वाटलं. पण मोजलं. रात्रभर पडत होता आणि तू पहाटे गेलास, म्हणजे त्यातला बराचसा पाऊस तू श्वास घेत असतानाचा होता.

आज दीड महिना झाला. तुला माझा स्वभाव माहीत आहे. दुसऱ्या दिवशी मी कागद घेऊन बसले आणि करायच्या गोष्टी लिहून काढल्या. पुण्यानुमोदनाची तयारी, वहिनीचा चष्मा, जिनिंगमधल्या तुझ्या पेटीतली हत्यारं घरी आणणं, सायकल कुणाला द्यायची ते. एकेक करून सगळ्यांवर खूण झाली. एक ओळ तेवढी उरली होती, ती म्हणजे आपलं भांडण. त्याबद्दलच लिहायला बसले आहे.

पहिलं भांडण आठवतं का? मी नवरा वारल्यावर शाळेची बदली घेऊन सेलूला आले, तुझ्याच अंगणातल्या दोन खोल्यांत राहायला लागले, त्याच्या पुढच्या वर्षीचं. घरी हवापाण्याची नोंद ठेवायची हे तुझ्या डोक्यात आलं आणि कोणतं यंत्र घ्यायचं हे माझ्या डोक्यात. मी फुलस्केप कागदावर चार नावं लिहिली. पर्जन्यमापक, कमाल-किमान तापमापक, हवेचा दाबमापक आणि वाऱ्याची दिशा दाखवणारा पत्र्याचा कोंबडा. पुढे रकाने आखले. रोज कोण बघणार, किती वेळ लागणार, बिघडलं तर कोण दुरुस्त करणार, आणि कळून उपयोग काय. तू कागद हातात घेऊन वरपासून खालपर्यंत वाचलास आणि म्हणालास, "सुमे, यंत्र बगायलीस का पोराला बायको?"

कोंबडा मी पहिल्यांदा खोडला. वारा कुठला आहे ते वहिनीच्या चुलीचा धूर सांगत होताच. तापमापक खोडला, कारण वैशाखात सेलूत किती तापतं हे आकड्यात वाचून कुणाला गार वाटणार नव्हतं. उरले दोन. मला पर्जन्यमापक हवा होता, तुला दाबमापक. रोज जेवताना तेच. तू म्हणायचास, "पाऊस पडून गेल्यावर मोजून काय करायचंय? यायच्या आधी सांगणारं पायजे." मी म्हणायची, आधी सांगणारं खोटं बोललं तर तुला कळणार कसं, मोजलेलं नसेल तर?

शेवटी आपण दोघं गाडीत बसून हैदराबादला गेलो. शाळा-कॉलेजांना काचसामान पुरवणारं ते दुकान, त्यातले ते चष्मा कपाळावर चढवलेले म्हातारे मालक. मी यादी पुढे ठेवली तर त्यांनी विचारलं, "कौनसे कॉलेज के वास्ते, बाई?" मी म्हटलं, घरासाठी. ते आपल्या दोघांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "घर के वास्ते? घर को छत नहीं है क्या?" तू इतका हसलास की दुकानातलं दुसरं गिऱ्हाईक वळून बघायला लागलं. आणि मग त्यांनी तो पितळी दाबमापक काढून तुझ्या हातात दिला. काचेवर तू बोटाने टिचकी मारलीस, काटा किंचित हलला, आणि तुझा चेहरा बघून मला कळलं की माझे सगळे रकाने फुकट गेले. "हे जित्तं हाय, सुमे," तू म्हणालास. "तुजं ते डबडं हाय." मी माझ्या पगारातून डबडं घेतलं, तू तुझ्या पगारातून जित्तं घेतलंस. येताना गाडीत दोघंही आपापलं यंत्र मांडीवर घेऊन बसलो होतो.

दाबमापकाने पहिल्याच उन्हाळ्यात तुझी फजिती केली. बाहेर आग ओततेय, आणि काटा 'पाऊस' आणि 'वादळ' यांच्या मधोमध ठाण मांडून बसलेला. महिनाभर हलेना. गल्लीतले लोक येता-जाता विचारायचे, "फिटरसायेब, छत्री काढू का?" दुसरा कुणी असता तर त्याने तो भिंतीवरून उतरवून पेटीत घातला असता. तू आठ दिवस कुणाशी बोलला नाहीस आणि नवव्या दिवशी स्टेशनातून धावत आलास. फलाटाच्या पाटीवर सेलू हे नाव लिहिलेलं असतं, त्याच्याखाली समुद्रसपाटीपासूनची उंची असते. आपण सगळे जन्मभर ती पाटी बघत आलो. तिचा उपयोग तुला सुचला. यंत्र समुद्राकाठच्या माणसांसाठी बनवलेलं होतं. आपण इतके वर राहतो हे त्याला माहीतच नव्हतं. तू हिशेब मांडलास, मागचा स्क्रू फिरवलास आणि काटा जागेवर आणलास. शेजाऱ्यांना बोलावून दाखवलंस, "चूक त्याची न्हाई. त्याला आपलं गाव सांगायचं राहिलं होतं." आज सांगते, त्या दिवशी मला तुझा इतका अभिमान वाटला की मी शाळेत जाऊन सातवीच्या वर्गाला ते सगळं फळ्यावर काढून शिकवलं, आणि आजही दरवर्षी शिकवते.

त्याच काट्याने पुढे तुझं नाव केलं. हंगामात जिनिंगच्या आवारात कापसाचे ढीग उघड्यावर पडलेले, आभाळ स्वच्छ, आणि तू ताडपत्र्या टाका म्हणून सांगत फिरत होतास. अडतवाले हसले. एकाने ऐकलं, बाकीच्यांनी नाही. संध्याकाळी अवकाळी पाऊस आला आणि बाकीच्यांचा कापूस भिजला. दुसऱ्या दिवशी त्यांतले एक शेठ आपल्या घरी काटा बघायला आले. त्यांच्या गल्लीतलं कुणी आपल्या ओसरीवर बसल्याचं मी तोवर पाहिलं नव्हतं. वहिनीने पाण्याचा तांब्या पुढे केला. शेठ जरा थबकले, तांब्याकडे बघितलं, मग प्यायले. तुझं लक्ष काट्यावर होतं. ते गेल्यावर मी विचारलं, पाहिलंस का? तू म्हणालास, "पाहिलं. तान लागली होती त्यांना." एवढंच. तुझ्या मनात काय होतं हे मी कधी खोदून विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

आता माझ्या डबड्याकडे येते.

पर्जन्यमापक कुठे बसवायचा याची यादीही मीच केली होती. भिंतीपासून लांब, आडापासून लांब, गोठ्यापासून लांब, वहिनी भांडी घासते तिथून लांब, पोरं विटीदांडू खेळतात तिथून लांब. सोबतच्या माहितीपत्रकात लिहिलं होतं की जवळची कोणतीही वस्तू जितकी उंच असेल त्याच्या दुप्पट तरी अंतर हवं. मी दोरीने मोजलं. सगळ्यांवर खूण केली. आणि त्याच आठवड्यात शाळेत वाटपाला आलेल्या रोपांतलं एक कडुलिंबाचं रोप आणून मापकाच्या पूर्वेला लावलं. गुडघ्याएवढं होतं. अंगणात सावली हवी हेही एका यादीत होतं, त्याच्यावरही खूण झाली. झाड वाढतं ही गोष्ट मला माहीत नव्हती असं नाही. पण माझ्या कागदावर वाढणाऱ्या वस्तूसाठी रकाना नव्हता.

आणि मग बाटली बघायचं काम मी तुझ्यावर सोडलं, कारण साडेआठला माझी शाळेची तयारी असायची. जे यंत्र तुला नको होतं त्याला तू चौदा वर्षं एक दिवसही विसरला नाहीस. दाबमापक मित्रांना दाखवायला होता. डबड्याजवळ तू एकटाच जायचास.

तुझ्या वहीतला पाऊस हळूहळू कमी होत गेला. बहात्तरच्या दुष्काळाची वर्षं मी तुझ्या बाजूने धरते. तेव्हा आभाळानेच पाठ फिरवली होती, लिंबाचा काही संबंध नव्हता. पण दुष्काळ सरला तरी तुझे आकडे पूर्वीच्या जागी आले नाहीत. तू वही उघडून सगळ्यांना दाखवायला लागलास. "पाऊस हटलाय. हे बगा, लिवलेलं हाय." तुझं अक्षर सुरेख, वही नीटनेटकी, आणि ताडपत्रीवाला फिटर म्हणून तुझा शब्द मोठा. लोकांनी मान हलवली. एके दिवशी मी सहामाहीचे पेपर तपासत अंगणात खाट टाकून बसले होते. रिमझिम सुरू झाली, आणि बराच वेळ झाला तरी माझे कागद भिजले नाहीत. मी वर बघितलं, लिंबाची फांदी डोक्यावरून मापकाकडे झुकली होती.

"दादा, पाऊस हटला नाही. लिंब मोठा झालाय."

तू ताडकन म्हणालास, "लिंब पूर्वेला हाय. पाऊस पश्चिमेकडून येतो."

"परतीचा पूर्वेकडून येतो."

"तो कितीसा येतो?"

"तुझ्या वहीप्रमाणे काहीच येत नाही. तेच तर म्हणते!"

मापक हलव म्हटलं तर तू म्हणालास, जागा बदलली की मागच्या आकड्यांशी पुढचे आकडे जुळायचे नाहीत, सगळी माळ तुटेल. हे तुझं बरोबर होतं, आणि ते मला तेव्हाही पटलं होतं, पण मी कबूल केलं नाही. मग मी म्हटलं, हा इथेच राहू दे, दुसरा आणून मोकळ्यावर ठेवू, एक पावसाळा दोन्ही मोजू. तू म्हणालास, "एका घरात दोन पाऊस? मंग खरा कोणता म्हनायचा?" फांद्या छाटू म्हटलं तर वहिनी आडवी आली, तिचं दळण, निवडण, दुपारची झोप, सगळं त्या सावलीत.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, मिलिंदच्या शेताची गोष्ट मध्ये आली नसती तर. दुधना नदीकडची आपली चार एकर. त्याला ती कसायची आहे. औरंगाबादच्या कारखान्यातलं बोलावणं आलं तरी पोरगं रोज संध्याकाळी बांधावर जाऊन बसायचं. तू त्याला वही दाखवलीस. "आमी मशिनीवर जगलो, तूबी मशिनीवर जग. या पावसावर शेत हुत न्हाई." गिऱ्हाईक ठरवलंस. दिवाळीनंतर व्यवहार करायचं बोलणं झालं. मिलिंद तुझ्याशी वाद घालणारा नाही. तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "आत्या, आबाच्या वहीपुढं मी काय बोलू?"

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुला गाठलं. तू मोजपात्र पुसत होतास. मी म्हटलं, पोराचं शेत तू लिंबाखालच्या आकड्यांवर विकतोयस. तू म्हणालास, चौदा वर्षांची मेहनत हाय, सुमे. आणि मी म्हणाले, "तुला मोजायचं नाही, तुला जिंकायचंय."

मोजपात्र उजेडाकडे धरलंस, पुन्हा पुसलंस, जागेवर ठेवलंस आणि आत गेलास. चार दिवसांनी तू गेलास. मधल्या दिवसांत आपण बोललो, भाजीबद्दल, वहिनीच्या गुडघ्याबद्दल. त्याबद्दल नाही. ते वाक्य मी परत घेते, दादा. वाद परत घेत नाही, वाक्य तेवढं घेते. जिंकायची घाई मलाच झाली होती.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी वंदना झाली, सगळं अनित्य आहे हे ऐकून झालं, माणसं जेवायला बसली, आणि शेत घेणारे गृहस्थ हळूच मिलिंदजवळ सरकले. आबांचा शब्द होता म्हणाले. मिलिंदने वहिनीकडे बघितलं. वहिनी म्हणाली, "आत्या काय म्हनतेत ते." सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, पाऊस संपेपर्यंत थांबा, मग सांगते. ते म्हणाले, "बाई, पाऊस संपल्यावर काय वेगळं कळणार हाय?" मी म्हटलं, तेच मोजायचंय.

दुसऱ्याच दिवशी मी आपला मापक घेऊन पत्र्याचं काम करणाऱ्या करीमभाईंकडे गेले. असाच दुसरा करून द्या, तोंड अगदी एवढंच हवं, सुताचाही फरक नको. ते म्हणाले, "बाई, पाऊस क्या सूत देख के गिरता?" पण करून दिला, आणि तीनदा मोजून दिला. मिलिंद म्हणाला, शेतात ठेवू. मी नाही म्हटलं. मग फरक झाडाचा की अंतराचा ते कळणार नाही. अंगणाच्या कुंपणापलीकडे शाळेचं मोकळं मैदान आहे तिथे ठेवला, लिंबापासून चाळीस पावलांवर. रोज साडेआठला मी एक बाटली बघते, मिलिंद दुसरी. आकडे एकमेकांना न सांगता लिहितो, मग कागद शेजारी ठेवतो. ही युक्ती माझी. कुणाच्या मनात काय आहे ते आकड्यात उतरायला नको.

पहिल्या आठवड्यात पाऊस पश्चिमेकडून आला. दोन्ही बाटल्या जवळजवळ सारख्या. तू बरोबर होतास. मिलिंदचं तोंड उतरलं. वहिनी म्हणाली, "बगा, उगंच त्यांच्या मागं लागला होतात." मला त्या आठवड्यात झोप लागली नाही, खरं सांगते. तू बरोबर असावंस असंही वाटत होतं आणि नसावंस असंही, आणि या दोन्हींना यादीत कुठे घालावं कळत नव्हतं.

मग वारा फिरला. पूर्वेकडून ढग आले, दुपारी काळोखी व्हायची आणि सलग पडायचा. पहिल्या सकाळी मैदानातल्या बाटलीत लिंबाखालच्यापेक्षा दीडपट पाणी होतं. मी मिलिंदला परत मोजायला लावलं. दुसऱ्या सकाळी तसंच. तिसऱ्या सकाळी बारीक रिमझिम झाली होती, तर लिंबाखाली तळ ओला, आणि मैदानात चांगलं बोटभर. असं सगळ्या परतीच्या पावसात चाललं. म्हणजे पावसाळ्याचा पहिला भाग तू अचूक लिहिलास. शेवटचा भाग लिंबाने वरच्यावर झेलला, आणि रब्बीची ज्वारी येते ती त्याच पावसावर. काळ्या मातीत तोच ओलावा मुरतो. ज्या पावसावर दुधनेकाठचं शेत उभं राहणार होतं, नेमका तोच तुझ्या वहीत नव्हता.

झाड मी लावलं होतं. मापक तू हलवला नाहीस. चूक दोघांची आहे आणि मी ती तशीच नोंदवली आहे. तुझा एकही आकडा खोडलेला नाही. तू खोटं काही लिहिलं नव्हतंस. लिंबाखाली तेवढाच पाऊस पडत होता. मी पानांच्या कडेला, जिथून झाड मापकाच्या आड यायला लागलं असावं त्या वर्षापासून, निळ्या शाईने एवढंच लिहिलं: पूर्वेच्या पावसात कमी धरलेले. एका परतीच्या पावसाच्या मोजणीवरून मागचं किती ते नेमकं सांगता येणार नाही, हेही खाली लिहिलं. मी अजून चार वर्षं दोन्ही बाटल्या मोजणार आहे. जुना मापक लिंबाखालीच राहील. तुझी माळ तुटणार नाही.

वहिनीला मी वही दाखवली. तिला अक्षरं येत नाहीत, पण तुझी शाई आणि माझी शाई तिला वेगळी ओळखता येते. बोट फिरवत म्हणाली, "हे तुमी लिवलं? मंग त्यायचं चुकलं का?" मी म्हटलं, थोडं चुकलं. तिने वही मिटून मांडीवर ठेवली. मग म्हणाली, "पाऊस हाय म्हना की."

"आहे, वहिनी."

परवा मिलिंदने शेत घेणाऱ्यांना निरोप पाठवला की विकायचं नाही. औरंगाबादलाही पत्र टाकलं. काल ज्वारीची पेरणी झाली. मी रविवार म्हणून गेले होते. बांधावर उभी राहिले. मूठभर माती उचलून दाबली तर तिचा गोळा झाला, आणि उघडल्यावर हातावर बोटांचे ठसे ओले राहिले. मिलिंद तिफणीमागून ओरडला, "आत्या, आबा असता तर काय म्हनला असता?"

मी त्याला म्हटलं, पुढे बघ, ओळ वाकडी जाईल.

तू हरलास, दादा. सगळ्या आयुष्यात जिंकून तुला जेवढा आनंद झाला नाही तेवढा या हरण्याने झाला असता, आणि हे मी आता कुणाला सांगू?